नवसाच्या बोकडाचा खुराक

माझा कृष्णात लढाईवर निघाला तेव्हा मी म्हसोबाला बोकड बोलले. पोरगा धड परत आला की कापीन. चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात तार आली, पोरगा इटलीत पडला. मला रडू आलं नाही. नवस फळला नाही, मग बोकड कापायचा तरी कशापायी? तो राहिला गोठ्यात, मी राहिले घरात.

आमच्या वाडीत दुसरा बोकड नव्हता. सगळ्यांच्या शेळ्या माझ्याच दारात यायच्या. पहिल्या वर्षी घरोघर करडं बागडली. दुसऱ्या वर्षी शेळ्या उलटू लागल्या. वीस-एकवीस दिवस झाले की पुन्हा माजावर, पुन्हा माझ्या दारात. बोकड नुसता हुंगायचा आणि बसायचा.

"वैनी, ह्यो आता बिनकामाचा," माझा दीर सयाजी म्हणाला. "खाटकाला दिऊन दुसरा आनू."

"द्येवाचा हाय त्यो."

"द्येवानं आपलं काय केलं?" बोलून त्यानं जीभ चावली. चावायची काही गरज नव्हती, बोलला ते खरंच होतं.

सोमवारी तो शिराळ्याच्या दिलावरला घेऊन आला. हा बकऱ्यांचा व्यापारी. त्यानं बोकडाची पाठ चाचपली, कुशी चाचपल्या, अंडी दाबून पाहिली. मी मख्खासारखी उभी. नेतोय तर नेऊ दे, असं वाटलं. नेला तर दावणीला कुणीच उरणार नाही, असंही वाटलं.

"मावशी, खायला काय घालता?"

"दोन्ही वक्ताला भाकरी. वर गूळ."

"आन् हिंडायला?"

"बांधलेलाच असतोय."

"मग शेळ्या कशा गाभण ऱ्हातील? लय चरबी चडलीया. आतनं तापतोय, अंगात सुस्ती भरलीया. बाकी जनावर खोटं न्हाई. भाकरी बंद करा, डोंगराला चरू द्या. दोन-तीन म्हयन्यात ठिकाणावर यील. कापायचं कारन न्हाई."

सयाजी खो खो हसला. "अति लाडानं वाया गेला म्हना की! आवं वैनी, बोकडाला कुनी भाकरी घालतंय व्हय?"

"कृष्णातच्या वाटनीच्या हुत्या," मी म्हणाले.

सयाजीचं हसू जिथल्या तिथं थांबलं. दिलावर खाली बघत बोकडाचं दावं सोडू लागला.

बोकड डोंगराला गेला. सांजेला मी सवयीप्रमाणे काटवटीत पीठ घेतलं आणि त्यातलं अर्ध्याहून जास्त परत मडक्यात ओतलं. एकच भाकरी थापली, भाजली, चूल विझवली.

कृष्णात मेला, हे मला त्या सांजेला कळलं.