झरोक्यात कोंबलेला मोजा

मित्रांनो, न्हाणीघरात शिरलात की तुम्ही नळाकडे बघता, आरशात बघता, माझ्याकडे मात्र कोणी ढुंकून बघत नाही. जरा मान वर करा. छताखाली, बाहेरच्या भिंतीत पंजाएवढं भोक दिसतंय ना? तो मी, या घराचा म्हातारा झरोका.

तिसा नदीकाठचं आमचं गाव. जमीन ओली, हिवाळा कडक. झार्कोआजोबांनी मला स्वतःच्या हातानं पाडलं, तेव्हा त्यांची बायको स्तामेना नवी नवरी होती. माझं काम एकच, आंघोळीची वाफ बाहेर सोडायची. ते मी इमानेइतबारे केलं. सकाळी टांगलेला टॉवेल दुपारी खडखडीत वाळायचा. "आमच्या न्हाणीला वास म्हणून नाही हो!" असं स्तामेना शेजारणींना सांगायची. ऐकून मला भारी वाटायचं.

पण आमच्या लोकांना लांडग्याची नाही एवढी भीती प्रोमायाची, म्हणजे घरात शिरणाऱ्या वाऱ्याच्या झोताची. दात दुखला, प्रोमाया. कंबर धरली, प्रोमाया. एकदा आंघोळीनंतर झार्कोआजोबांची मान आखडली. झालं! स्तामेना स्टुलावर चढली आणि त्यांचाच लोकरीचा मोजा तिनं माझ्या तोंडात कोंबला. "मेला झरोका, माणसाचा जीव घेईल!" म्हणाली. आता बोला!

पुढे आजोबा वारले. मोजा तसाच राहिला. जुन्या खिडकीला फटी होत्या म्हणून निभावलं, वाफ तिथून निसटायची.

मग मुलगा वुकाशिन आणि सून ल्युबिंकानं न्हाणीघर नवं करायला काढलं. गार भिंतीला आतून फोमचे तक्ते, त्यावर फरशा, प्लास्टिकची घट्ट खिडकी. वुकाशिन मला उघडायला निघाला, तर स्तामेना आडवी आली. "हात लावशील तर बघ! न्हालेल्या लेकराला वारा लागेल." लेकरू म्हणजे तिची नात, यागोदा.

घर उबदार झालं, पण वाफ जाणार कुठे? फरशांच्या सांध्यांतून ती फोममागं शिरली आणि गार भिंतीवर पाणी होऊन बसली. कोपरे काळ्या बुरशीनं भरले. यागोदाला खोकला लागला, काही केल्या थांबेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "घर कोरडं करा, नाहीतर मुलीला दुसरीकडे ठेवा."

ल्युबिंकानं बॅग भरायला घेतली. "आई, हिला घेऊन मी माहेरी चालले. तिथल्या फ्लॅटला ओल तरी नाही."

"अगं, ती गेल्यावर मी काय भिंतींशी बोलू?" स्तामेनाला रडू फुटलं. दुखणं कुठं आहे ते मला ठाऊक होतं, पण तोंडात बोळा. सांगणार काय?

वुकाशिननं गवंडी तिहोमीरला बोलावलं. त्यानं चार फरशा काढून आत हात घातला आणि कपाळावर मारून घेतला. "भिंतीला स्वेटर घातलात आणि नाक दाबून धरलंत होय?"

सगळे स्तामेनाकडे बघत होते. दारात यागोदा खोकत होती. स्तामेनानं स्टूल ओढलं.

"आई, उतर, पडशील!"

"गप रे. कोंबला मी, काढणार पण मीच."

तिनं मोजा ओढला. काळा, ओलाचिंब. गार वारा थेट तिच्या अंगावर आला. तिनं गळ्याभोवती शाल आवळली. "माझी मान आखडली तर आखडू दे. पोरगी इथंच राहील."

हुश्श! मित्रांनो, किती वर्षांनी मी श्वास घेतला!

तिहोमीरनं फोम काढून भिंत आधी पुरती वाळू दिली. मग नवा फोम बसवला आणि त्यावर, खोलीच्या बाजूनं, जाड प्लास्टिकचा कागद चिकटवला, वाफ परत मागं शिरू नये म्हणून. मला पंखा मिळाला. पंखा थांबला की बाहेरचा वारा अडवणारी झडपसुद्धा! यागोदाचा खोकला हळूहळू गेला आणि बॅग कपाटावर चढली.

स्तामेना अजून शाल गुंडाळूनच आंघोळीला येते, माझ्याकडे डोळे वटारते. पण कोणी पंखा लवकर बंद केला, की ओरडणारीही तीच. मित्रांनो, घराला ऊब जरूर द्या, फक्त आमचं तोंड बांधू नका. एवढंच मागणं.

आणि तो मोजा? स्तामेनानं तो साबणानं घासघासून धुतला आणि सकाळी माझ्या खालच्या दोरीवर टांगला. दुपारी येऊन गालाला लावून पाहिला.

"वाळला गं," ती यागोदाला म्हणाली. "तुझ्या आजोबांचा मोजा वाळला."