जूनसाठी राखून ठेवलेले गुडघे

विस्कॉन्सिनमधल्या फ्लोरियन येलिन्स्कीने जन्मभर गाई पाळल्या आणि गावभरचे ट्रॅक्टर दुरुस्त केले. त्यामुळे "गुडघ्यांतली कूर्चा झिजलीय, संधिवात आहे," एवढं डॉक्टरांनी म्हटल्याबरोबर पुढचं सगळं आपल्याला कळलं, असं त्याने गृहीत धरलं. बेअरिंग झिजलं की मशीन उभं करून ठेवायचं आणि ऐन कापणीलाच बाहेर काढायचं. डॉक्टरांनी व्यायामही सांगितला होता. पण ऐकतो कोण!

त्याची कापणी म्हणजे जूनमधला लग्नाचा पन्नासावा वाढदिवस. चर्चच्या हॉलमध्ये बँड येणार, पहिला वॉल्ट्झ नवरा-बायकोचा. त्या एका नाचासाठी गड्याने गुडघे राखून ठेवले.

त्याच हॉलमध्ये दर शुक्रवारी तळलेल्या माशांचं जेवण असायचं आणि मग पोल्का-वॉल्ट्झचा नाच. बायको, बर्नडीन, मांडीवर पर्स घेऊन बसायची. टेबलाखाली तिचे पाय ठेका धरायचे.

"एकच वॉल्ट्झ, फ्लोरी."

"जूनमध्ये."

"अरे, गंजण्यापेक्षा झिजलेलं बरं!"

"तू गप्प बस. मशीनमधलं तुला काय कळतंय?"

ती हसायची. दुसऱ्या कुणाबरोबर नाचायला मात्र कधी उठली नाही.

फेब्रुवारीत ती झोपेतच गेली. जमीन गोठलेली, म्हणून दफन एप्रिलमध्ये झालं. तोवर फ्लोरियनला कबरीपर्यंत धड चालवेना. लेकीने धरून नेलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात फिजिओथेरपीला आणून बसवलं.

तिथल्या डॅनाने त्याचं बेअरिंगपुराण शांतपणे ऐकून घेतलं.

"आजोबा, गुडघा म्हणजे ट्रॅक्टर नव्हे. हलवलात तरच त्याला पोषण मिळतं. बसून बसून मांड्यांतली ताकद गेली, म्हणून सगळा भार सांध्यावर आला. थोडं दुखलं तरी चालतं, पण रोज हलायचं. नाचता का कधी?"

"नाचायचो."

"मग झालं की! याहून चांगला व्यायाम नाही. पुढच्या वेळी आजींनाही घेऊन या."

तो खुर्चीच्या कडेला सरकला.

डॅनाने दोन्ही हात धरून त्याला उभं केलं. वजन डावीकडे, मग उजवीकडे, एक पाऊल मागे. वॉल्ट्झच तो. गुडघ्यात कळ आली, जराशी टिकली, ओसरली. त्याने पुन्हा पाऊल टाकलं. पुन्हा तेवढीच कळ. आणि चार माणसांदेखत तो म्हातारा हुंदके देऊन रडू लागला.

"फार दुखतंय का? थांबू या?"

"नाही गं पोरी," तो म्हणाला. "एवढंच दुखणार होतं."