ठसक्याचा जन्म

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे. बूड काळंकुट्ट, एक कान जरा वाकडा. आमच्या शहरात गल्लोगल्ली ‘ठसका’ मिळतो, घेवड्याचा तो काळपट, झणझणीत रस्सा. तो आला कुठून, यावर लोक तावातावाने वाद घालतात. कुणी म्हणतं सैनिकांनी आणला, कुणी म्हणतं खलाशांनी. मला हसू येतं. अहो, तो माझ्यातच जन्मला!

लोहाराने मला ठोकून ठोकून घडवलं आणि मी बस डेपोसमोरच्या एका खानावळीत आले. खानावळ नवरा-बायकोची. सगळे त्यांना मामा-मामी म्हणत. मामांचा घेवडा तेव्हा अगदी सौम्य असे, आजाऱ्यालाही चालेल असा. फोडणीतला लसूण सोनेरी झाला की नुसत्या वासावरून त्यांना कळे.

एका हिवाळ्यात मामा तापाने आडवे झाले. बरे होऊन परतले, पण काहीतरी बिनसलं होतं. लसूण सोनेरी झाला, तांबूस झाला, तरी त्यांचा झारा थांबेना. माझ्यावर वाकून ते खोल श्वास घेत, पुन्हा घेत. हे शोधताहेत तरी काय, मला कळेना. लसूण काळा पडला, वर मिरचीही दुप्पट पडली. मामींनी रस्सा चाखला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पदराने टिपून त्या ताटं वाढू लागल्या.

गिऱ्हाईक कमी होऊ लागलं. एके सकाळी एक ड्रायव्हर पहिल्याच घासाला खोकून खोकून लालबुंद झाला.

“मामा, जीव घेता की काय!”

मामांनी बायकोकडे पाहिलं. “जळलंय का गं?”

“हो. आणि तुम्हाला वास येत नाही, हेही मला ठाऊक आहे. तुम्ही आपणहून सांगाल म्हणून वाट बघत होते.”

मामांचा चेहरा उतरला. “मग मी रांधायचं तरी कशाला?” असं म्हणत ते चूल विझवायला वाकले.

“अहो, थांबा की!” ड्रायव्हर नाक पुसत म्हणाला. “सर्दीने चोंदलेलं नाक आत्ता कुठे मोकळं झालं. जळका वास तेवढा काढा, ठसका राहू द्या. आणि आणखी वाढा!”

दुसऱ्या दिवसापासून मामी माझ्याशेजारी उभ्या राहू लागल्या. लसूण जळण्याच्या अगदी काठावर आला की त्या म्हणत, “बस!” मामा लगेच पाणी ओतत. चर्रर्र! बघता बघता सगळा डेपो ठसका मागू लागला, मग दुसऱ्या खानावळीही तो करू लागल्या.

आता मामा नाहीत. खानावळीत चकचकीत स्टीलची पातेली आली. मी माळ्यावर गंज खात पडले आहे. कुणी घासून तेलाचा हात फिरवला, तर अजूनही कामाला येईन.

पण मला रुखरुख वाटते ती वेगळीच. ज्या वासामागे लोक वाट वाकडी करून येत, तो मामांना कधीच आला नाही. ते रोज विचारत, “आज कसा येतोय गं?” मामी रोज नवं काही सांगत. कधी “तापलेल्या कौलांसारखा”, कधी “आज जरा रुसलाय.” मामा डोळे मिटून ऐकत.

मित्रांनो, भांडी जपाच. पण घरात कधी भाजी करपली, मीठ जास्त पडलं, तर ताट सरकवण्याआधी रांधणाऱ्या माणसाला एकदा विचारा, “तुम्हाला बरं आहे ना?”