माझ्यावर बसायला मनाई होती

मी चाकांची खुर्ची बोलतेय. उठून उभे राहू नका, बसा. लोकांना बसवणं हाच माझा जन्माचा उद्योग आहे.

आईबापाचं नाव मात्र विचारू नका. कारखान्यात एका बाईनं माझी चाकं लावली, दुसऱ्या एकानं पाठ शिवली, आणि त्या दोघांची एकमेकांशी ओळखसुद्धा नव्हती. पहिले मालक होते टॅमरॅक लेक गावातले एडमंड, खिळे-हातोड्यांचे दुकानदार. ते गेल्यावर त्यांच्या बायकोनं वर्षभर माझ्यावर ओले मोजे वाळत घातले आणि मग मला माजी सैनिकांच्या संघटनेला देऊन टाकलं.

संघटनेच्या हॉलमागे उसनवारीची खोली आहे. गावात कुणाचा पाय मोडला, गुडघा बदलला, की त्यानं यायचं आणि कुबड्या, वॉकर, खुर्ची, जे हवं ते घेऊन जायचं. बरं वाटलं की परत आणायचं. सैनिक असायची अट नाही. माणूस असायचीही नाही बहुतेक, कारण एका शेतकऱ्यानं मला लंगड्या वासरासाठी नेलं होतं. त्या वासरानं उपकार स्मरून माझी डावी मूठ चावली. दातांच्या खुणा अजून दिसतात.

माणसांची एक खोड मला कधी कळली नाही. रिकामी खुर्ची दिसली की ती आधी तिच्यावर कोट टाकतात आणि मग विचारतात, "इथं कुणी बसलंय का?"

संघटनेची खरी मालकीण म्हणजे व्हर्ना लोकेन. वय अठ्ठ्याहत्तर, एके काळी लष्करातली नर्स. दर शुक्रवारी हॉलमध्ये गावजेवण असतं, तळलेले मासे आणि कोबीची कोशिंबीर. माशांना लावायचं पीठ बिअरमध्ये कालवायचं ते व्हर्नानंच. शिवाय रोज सकाळी सातला ती एकट्या राहणाऱ्या अकरा म्हाताऱ्या सैनिकांना फोन करायची.

"जिवंत आहेस का?"

"आहे."

"मग दाढी कर."

अकरा झाले की ती हॉलमध्ये कर्मिटला फोन लावायची. "अकरा जिवंत, बारावी मी."

कर्मिट हाउगली म्हणजे संघटनेचा सचिव. नियमांचं पुस्तक तो शर्टाच्या खिशात, बरोब्बर काळजावर ठेवतो. त्यातलं सातवं कलम असं, की ज्याचा लागोपाठ दोन सकाळी पत्ता नाही त्याचं नाव फळ्यावर 'बेपत्ता' म्हणून लिहायचं आणि सगळ्यांनी शोधायला निघायचं. एक सभासद न्हाणीघरात पडून दोन दिवस तसाच राहिला होता, तेव्हापासूनचं हे कलम. चांगलं आहे. पण कर्मिटच्या हातात चांगलं कलमही वरवंट्यासारखं चालतं.

नोव्हेंबरात स्मरणाचं जेवण असतं. दाराजवळ एक छोटं टेबल मांडतात. त्यावर पांढरा कपडा, एक गुलाब, लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, उपडा ग्लास, आणि समोर एक रिकामी खुर्ची. जे लढाईवरून परतलेच नाहीत त्यांच्यासाठी. त्या दिवशी एवढी गर्दी लोटली की रिकामी ठेवायलाच खुर्ची उरली नाही.

"मागून ती आणा रे," संघटनेचा अध्यक्ष डेलमार म्हणाला. त्याला वाढायची घाई होती.

अशी मी टेबलाशी आले. कर्मिटनं कार्ड वाचलं. "हरवलेले परत येईपर्यंत ही खुर्ची रिकामी राहील." दीडशे माणसं उभी राहिली आणि त्यांनी मला सलाम ठोकला. कुणीतरी सवयीनं माझ्यावर टाकलेला कोट दोन्ही हातांनी, बाळासारखा उचलून नेला. मी लाजले. वासरानं चावलेल्या बाईला एवढा मान कोण देतं?

आठ दिवसांनी व्हर्ना बटाट्याच्या सालींची बादली घेऊन मागच्या दारी गेली आणि बर्फावरून घसरली. खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, तिला गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात ठेवलं. डॉक्टरांनी सांगितलं, शनिवारपर्यंत घरी चाकांची खुर्ची आली तर सोडतो, नाहीतर हिवाळाभर इथंच. सरकारी खुर्ची सहा आठवड्यांनी येणार होती. माझ्या तिघी बहिणी आधीच गावात गेलेल्या, कारण बर्फ काही एकट्या व्हर्नालाच पाडत नाही. उरले मी.

सोमवारी सभा भरली.

"टेबलाशी घडीची खुर्ची ठेवा आणि ही व्हर्नाला द्या. झालं," डेलमार म्हणाला.

"झालं कसं?" कर्मिट म्हणाला. "सलाम या खुर्चीला केलाय. दीडशे जणांनी. तिच्यावर आता बूड टेकवणार?"

"व्हर्नाचं बूड आहे, कर्मिट."

"बूड कुणाचं, हा प्रश्नच नाही. कार्डात बूड नाही."

"तू दरवर्षी नोव्हेंबर संपला की टेबल उचलतोस ना?"

"टेबल उचलतो. खुर्चीचं लिहिलंय, परत येईपर्यंत. आलंय कोणी?"

 तेव्हापासून माझ्यावर दिवसा पहारा बसला. पहिला पहारेकरी गस वोइतासिक, वय चौऱ्याऐंशी. तासाभरानं त्याचे पाय थकले आणि तो फरशीवर बसला. मग उठता येईना. चौघांनी टेबलावरच्या पांढऱ्या कपड्याची झोळी करून त्याला बाहेर नेलं. मी हातभर अंतरावर उभी होते, चाकांसकट.

"खुर्ची आणा की," झोळीतून गस म्हणाला.

"ती नाही चालत," चौघं म्हणाले.

गसनंतर कर्मिट स्वतः पहाऱ्याला आला. आजूबाजूला कुणी नाहीसं बघून माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "लाइल, त्या दिवशी गर्दी बघितलीस? मासे थोडे करपले होते." लाइल ब्रँडवोल्ड त्याचा दोस्त, सहा फूट चार इंच. लढाईत एके दिवशी दोघं गस्तीला गेले आणि एकटा कर्मिट परत आला. त्या गोष्टीला पन्नासच्या वर वर्षं झाली. तेव्हा मला कळलं, म्हातारा पुस्तकाला धरून नाही बसलेला.

मंगळवारी डेलमारनं हॉलमधून व्हर्नाला फोन लावून सगळं सांगितलं. "कर्मिटशी बोलतेस का?"

"नको," फोनमधून व्हर्ना म्हणाली. "त्याच्याशी मला काहीच बोलायचं नाही. दोन दिवस तरी."

खाटेवरूनही व्हर्नाचे सकाळचे फोन चुकले नव्हते, पण बुधवारी सात वाजले, साडेसात वाजले, कर्मिटचा फोन वाजला नाही. त्यानं लावला तर ती उचलेना. गुरुवारी तेच. कर्मिटनं अकरा जणांना फोन केले. अकराही म्हणाले, "व्हर्ना? आत्ताच बोलली. दाढी कर म्हणाली."

"मला नाही बोलली," कर्मिट म्हणाला.

"अरे, चौदा नंबरच्या खाटेवर आहे ती," डेलमार म्हणाला. "काल तू तिला ॲपल पाय देऊन आलास ना?"

"तो दारातल्या बाईकडे दिला. दोन सकाळी गेल्या. सातवं कलम." आणि त्यानं फळ्यावर लिहिलं: व्हर्ना लोकेन, बेपत्ता.

शोधमोहीम निघाली. आठ म्हातारे, एक झेंडा, एक व्हॅन. पहारेकऱ्यांनाही शोधायला यायचं होतं आणि पहारा तर सोडता येत नाही, म्हणून मलाही घेतलं. रिकाम्या मला पट्टा बांधला आणि गस पुन्हा खालीच, व्हॅनच्या फरशीवर बसला.

शुश्रूषागृहाच्या लांब बोळात व्हर्ना वॉकर धरून उभी होती. झग्याखाली लोकरीचे मोजे, केस विंचरलेले.

"लेफ्टनंट लोकेन," ती म्हणाली. "बेपत्ता होते. परत आलेय."

कर्मिट सार्जंट होता. त्याचा हात आपोआप कपाळाला गेला.

"सार्जंट, कार्ड वाच."

त्यानं खिशातून कार्ड काढलं. "हरवलेले परत येईपर्यंत ही खुर्ची..." तो थांबला. "तू मुद्दाम केलंस, व्हर्ना."

"सातव्या कलमात कारण विचारायचं लिहिलंय का?"

कर्मिटनं पुस्तक काढून पाहिलं. पुन्हा पाहिलं. लिहिलं नव्हतं.

"लवकर ठरव," व्हर्ना म्हणाली, आणि तिचा आवाज जरा फाटला. "खुबा दुखतोय रे. घरी जायचंय मला."

कर्मिट माझ्यासमोर वाकला. हातरुमालानं बैठक पुसली, कुणाची माफी मागत पुसावी तशी. आणि फक्त मला ऐकू येईल एवढ्यानं म्हणाला, "जरा उठतोस का, लाइल? बाईमाणूस आहे."

व्हर्ना बसली. आठ म्हाताऱ्यांनी सलाम केला. गस तोवर बोळातही फरशीवर बसला होता, त्यानं तिथूनच केला. हॉलवर परतल्यावर फळ्यावर कर्मिटनं 'बेपत्ता' पुसलं आणि 'घरी' लिहिलं.

त्या हिवाळ्यात मी व्हर्नाच्या स्वयंपाकघरात राहिले. शुक्रवारी ती माझ्यात बसूनच हॉलमध्ये पीठ कालवायची. ते माझ्या उजव्या चाकात गेलंय, म्हणून चाक अजून कुरकुरतं. वसंतात ती उभी राहिली आणि मी मागच्या खोलीत परत आले. सभेत कर्मिटनं ठराव मांडला, खुर्चीला वर्षातून एक संध्याकाळ टेबलाशी नेमणूक, बाकी रजा. अनुमोदन व्हर्नानं दिलं.

तर तुमचा पाय मोडला तर या. माझ्यावर बसा, मोजे वाळत घाला, वासरू बसवा, माझी तक्रार नाही. फक्त नोव्हेंबरातल्या त्या एका संध्याकाळी, मी दाराजवळ रिकामी दिसले, तर कोट दुसरीकडे टांगा. लाइल सहा फूट चार इंच आहे. आधीच बिचारा अंग चोरून बसलाय.