दीड इंच

“वहिनी, टेकतायत का पाय?”

“टेकले असते तर अशी ओरडले असते का? धरा आधी!”

मेकॅनिक भाऊजींनी पळत येऊन हँडल धरलं. मी मोटारसायकलवर बसले होते आणि माझ्या चपलांची नुसती टोकं जमिनीला लागत होती. खाली फरशीवर ऑइल सांडलेलं. वय चौपन्न, गुडघा आधीच कुरकुरतो आणि हे नसते धाडस. गॅरेजसमोरून जाणारी दोन माणसं थांबून बघायला लागली. “काय बघताय? गाडी बघितली नाही कधी?” म्हटल्यावर निमूट पुढे गेली.

“गाडी उंच आहे तुम्हाला,” भाऊजी म्हणाले.

“हे सांगायला मेकॅनिक कशाला लागतो? बाही लांब असली तर मी आखूड करून देते. गिऱ्हाइकाला हात वाढवून या म्हणत नाही.”

मी शिवणकाम करते. शाळांचे गणवेश, पडद्यांच्या कडा आणि सगळ्यांत जास्त म्हणजे अल्टरेशन. तयार कपडा माणसाला बसेल असा करून देणं, ह्यात माझी हयात गेली. त्यामुळे गाडी आखूड होत नाही, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं.

गाडी आमच्या ह्यांची. लग्नाआधी घेतलेली, म्हणजे घरात ती मला सिनियर. हे कारखान्यात टर्नर होते. एकतीस वर्षं लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, काढली आणि रोज ह्याच गाडीवरून गेले-आले. ह्या सगळ्याच्या दहा महिने आधी त्यांची नजर गेली. डोळ्यांची शीर वाळली, डॉक्टर म्हणाले, आता येणार नाही. त्या दिवसापासून हे पलंगाच्या कडेला बसले ते बसलेच. दारापर्यंतसुद्धा यायचे नाहीत. जेवायला दिलं तर जेवायचे, विचारलं तर हो-नाही म्हणायचे. मला वाटायला लागलं, डोळ्यांमागोमाग माणूसही चाललाय आपल्या हातातून.

मग एक दिवस म्हणाले, “गाडी विकून टाक.”

“नाही विकणार. मी चालवीन. तुम्ही बसा मागे.”

तेव्हा ते हसले. दहा महिन्यांत पहिल्यांदा. चांगले खदाखदा हसले मेले! “तू? ती गाडी? आणि मी मागे?” मला राग यायला हवा होता, पण मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत भाऊजींच्या गॅरेजात नेली. ह्या माणसाला घराबाहेर काढायचंच, एवढं एकच डोक्यात होतं. मोपेड मी वीस वर्षं चालवतेय, गणवेशांचे गठ्ठे पोचवायला. पण त्या मोपेडवर मागे बसायला हे मेले तरी तयार झाले नसते.

भाऊजी म्हणजे सख्खे कोणी नव्हेत. ह्यांच्याच हाताखाली कारखान्यात चार वर्षं काम केलेला माणूस. तोंडाचा पट्टा अखंड चालू, पण हात सोन्याचे. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

“चाकं बदलू,” ते म्हणाले. “दोन्ही लहान टाकू. भंगारात एका गाडीची जोडी बघून ठेवलीय. सीटचा फोमही कापू थोडा. दीड इंच खाली येईल.”

“दीड इंचानं काय होतंय?”

“तुम्ही शिवता ना? कमरेत दीड इंच कमी पडलं तर काय होतं?”

मी गाडीची किल्ली त्यांच्या हातात दिली.

चार दिवसांनी बोलावणं आलं. लहान चाकांवर गाडी अगदी नव्या नवरीसारखी खाली मान घालून उभी होती. मी बसले. दोन्ही तळपाय जमिनीला लागले, टाचेसकट! मला काय आनंद झाला सांगू. “जिंकलो की हो भाऊजी!” म्हणत मी उतरले, त्यांनी गाडी साइड स्टँडवर लावली आणि आम्ही चहा प्यायला वळलो. मागे धाडकन आवाज. गाडी पलीकडच्या अंगाला आडवी.

भाऊजींनी कपाळाला हात लावला. चाकं लहान केली, पण स्टँड जुन्याच मापाचा राहिला होता. गाडी खाली आली आणि स्टँड लांब पडला, त्यामुळे ती कलायच्या ऐवजी ताठ उभी राहिली आणि जरा धक्का लागताच गेली.

“बाही कापलीत आणि अस्तर तेवढंच ठेवलंत,” मी म्हटलं.

स्टँड कापला. पण खरी पंचाईत मागच्या चाकाची होती. नवं चाक मधोमध अरुंद होतं. त्याच्या एका बाजूला मोकळी जागा उरत होती, ती भरायला लोखंडी कडी हवी होती. तिला ते बुश म्हणतात. बुश बरोबर मापाचा असला तरच चेन सरळ धावते. बाजारात तसला मिळेना. भाऊजींकडे कोपऱ्यात एक जुना लेथ होता, त्यावर त्यांनी स्वतः बनवला. चेन करकरायला लागली. दुसरा बनवला, चाक एका बाजूला घासलं. तिसरा बनवला आणि स्वतःच तो फेकून द्यायला निघाले.

“द्या इकडे,” मी म्हटलं आणि पिशवीत टाकला.

घरी आले. हे तसेच बसलेले. त्यांच्या तळहातावर बुश ठेवला. “हे बघा बरं काय चुकलंय,” तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली.

“बघतो,” ते म्हणाले.

अंगठ्याचं नख त्यांनी कडेवरून फिरवलं. उलटा केला, पुन्हा फिरवलं. गालाला लावून पाहिला. इतक्या महिन्यांत त्यांचा चेहरा असा कामात गढलेला मी पाहिला नव्हता. मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

“कोणी बनवला?”

“भाऊजींनी.”

“गाढव आहे. दोन्ही तोंडं समांतर नाहीत. आणि मापही चुकलेलं असणार. माझ्या चपला कुठायत?”

चपला पलंगाखाली गेल्या होत्या. त्या शोधताना मला काही दिसेना, डोळे भरून आले होते. ह्यांनी माझा कोपर धरला आणि आम्ही दोन गल्ल्या चालत गेलो. वाटेत कोणी हटकलं तर काय सांगू, ह्याची मला धास्ती. ह्यांना मात्र कोणाची पर्वा नव्हती. सगळी वाट भाऊजींना शिव्या घालत आले.

भाऊजी ह्यांना बघून उभेच राहिले.

“नट आवळून मोजलंस, का सैल ठेवून?” ह्यांनी दारातच विचारलं.

भाऊजी फडक्यानं बोटं पुसायला लागले.

“लेका, विचारतोय मी.”

“सैल ठेवून, दादा.”

“नट आवळल्यावर चाक धरणाऱ्या दोन्ही बाजू आत येतात. चार वर्षं काय शिकवलं मी तुला?”

एवढं मलाही कळलं. जाड स्वेटरवरून छातीचं माप घ्यायचं आणि मग सदरा ढगळ झाला म्हणायचं, त्यातलाच प्रकार.

नट आवळून पुन्हा मोजलं. हे लेथपाशी गेले, हातांनी चाचपून एकेक मूठ ओळखली, जसे काही एका दिवसाच्या सुट्टीवरून परत आले होते. भाऊजींनी सवयीनं वरचा दिवा लावला, मग ओशाळून बंद करायला गेले.

“राहू दे,” हे म्हणाले. “तुला दिसायला नको का?”

मशीन सुरू झालं. मी घट्ट डोळे मिटून घेतले. मग वाटलं, हा माणूस डोळे नसताना उभा आहे आणि मी असून मिटतेय, म्हणून उघडले. हे मूठ फिरवत होते, ओठांत आकडे मोजत होते आणि मान वाकडी करून आवाज ऐकत होते. आवाज जरा बदलला की हात थांबायचा. शेवटी बुश कपड्यात धरून त्यांनी भाऊजींकडे दिला. “लाव.”

बसला. पहिल्या फटक्यात बसला. चाक फिरवलं तर चेनचा नुसता सळसळ आवाज. भाऊजी पाया पडायला वाकले आणि ह्यांनी अंदाजानं त्यांच्या डोक्यात एक टपली मारली.

त्याला आता सहा महिने झाले. हे रोज सकाळी तीन तास त्या लेथवर असतात. जुन्या गाड्यांचे न मिळणारे भाग बनवतात. लांबून लोक येतात आणि ह्यांच्या शिव्या खाऊन खूश होऊन जातात. मी एकदा भाऊजींना बाजूला घेऊन विचारलं, “खरं सांगा, ते तीन बुश तुम्ही मुद्दाम चुकवलेत ना?”

“वहिनी, मुद्दाम चुकायलाही अक्कल लागते,” ते रागावून म्हणाले. “मी मनापासून चुकलो.”

मनापासून चुकलेल्या त्या माणसाचे उपकार मी कुठल्या तोंडानं सांगू? पहिलाच बुश बरोबर झाला असता, तर गाडी चालली असती आणि हे आजही पलंगावर असते.

पण मागे बसायचं मात्र हे टाळत होते. गॅरेज काय, चालत जाता येतं. मी एकटीच सकाळी मैदानात गियर शिकत राहिले, बंद पाडत राहिले. गेल्या आठवड्यात हे अचानक म्हणाले, “लोखंड बाजारात जायचंय. लेथला सळया हव्यात. त्या निवडायला हात माझाच लागणार.” थोडं थांबून म्हणाले, “ने.”

आयुष्यात पहिल्यांदा हे त्या गाडीवर मागे बसले. हात कुठे ठेवायचे ते कळेना. आधी सीटची कड धरली, मग माझा खांदा. “क्लच हळू सोड. अगं हळू! आता दुसरा टाक.” मी म्हटलं, “गाडी कोण चालवतंय?” म्हणाले, “तूच, बाई, तूच.” आणि खरंच गप्प झाले.

मोठ्या चौकात आलो. उजवीकडे वळायचं होतं. मागे भलीमोठी बस, तिच्या बाजूला ट्रक. ह्या गाडीला इंडिकेटर कधी नव्हतेच, हे हातानंच दाखवायचे. माझा डावा हात क्लचवर, उजवा ॲक्सिलरेटरवर, एकही सुटेना. ह्यांना हाक मारणारच होते.

तेवढ्यात माझ्या उजव्या कानाजवळून त्यांचा हात बाहेर आला. मी काही बोलले नव्हते. एकतीस वर्षं कारखान्याला जाताना त्याच चौकात वळलेला माणूस. रस्ता चढला, उतरला, तेवढ्यावरून त्यांना कळलं असणार. हात खांद्यापासून बोटांपर्यंत सरळ, सगळ्यांना नीट दिसेल असा. मागची बस थांबली. ट्रकही थांबला. मी वळले आणि पुरती वळून होईपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही.