गाझ्दा सोतिरच्या दारातला अंधार

"म्हाताऱ्याकडे आज कोण कोण जातंय ते मला बघायचंय," रादोये म्हणाला आणि वीजघरातल्या वुकाशिनच्या टेबलावरचं सफरचंद उचलून खाऊ लागला. "त्याच्या घरासमोरच्या खानावळीत खिडकीशीच बसणार आहे मी. तू नाही ना जाणार?"

"मी कसला जातोय? ड्यूटी आहे मला."

"आणि नसती तर?"

"तर घरी झोपलो असतो, कॉम्रेड."

रादोये हसला. पक्षाच्या शहर समितीचा हा सेक्रेटरी हसला की वुकाशिन सावध व्हायचा. गेल्या वर्षी त्या म्हाताऱ्याच्या दारातून आत गेलेल्या दोघांची गिरणीतून उचलबांगडी झाली होती, तेव्हाही तो असाच हसला होता.

आज संत निकोलाचा दिवस, म्हणजे त्या म्हाताऱ्याच्या, गाझ्दा सोतिरच्या घराण्याची स्लावा, कुळाच्या रक्षक संताचा सण. गाझ्दा म्हणजे मालक. गिरणी सरकारजमा झाली, मोठ्या घरातली एकच खोली त्याला उरली, तरी लोकांच्या तोंडातून गाझ्दा काही जात नव्हता. स्लावाला कुणी कुणाला बोलावत नाही. यजमान दार उघडं ठेवून उभा राहतो आणि एकदा आलेला माणूस मग दर वर्षी येतो. न येणं म्हणजे त्या घराशी नातं तोडणं. वुकाशिन तर बापाचं बोट धरून जायचा तेव्हापासून जात होता.

सकाळी बायकोने, देसांकाने, त्याला धारेवर धरलं होतं.

"माझी दोन्ही बाळंतपणं त्याने बांधलेल्या दवाखान्यात झाली. स्लावाच्या प्रसादाचा एक घास गहू खायला जाऊ नको म्हणतोस?"

"नोकरी गेली तर तोच गहू जन्मभर खायचाय का?"

"मग तो एकटाच उभा राहू दे दारात. तू मात्र शेगडीशी बस!"

बायको खरं बोलली की वुकाशिनला जेवण जात नसे. डबा तसाच पडून होता.

हे वीजघरही गाझ्दाचंच. नदीच्या पाण्यावर वीज काढतो म्हणाला तेव्हा गावाने त्याला वेड्यात काढलं होतं. टर्बाइन व्हिएन्नाहून आणलं आणि शेवटचा घाट ते बैलांनी ओढून चढवलं. दिवे आधी दवाखान्यात लागले, मग विणकामाच्या शाळेत, मग रस्त्यांवर आणि सगळ्यात शेवटी त्याच्या घरात. त्याच्या दारासमोरचा खांबही त्यानेच उभा केलेला. त्या खांबाच्या उजेडात आज रादोये माणसं ओळखणार होता. माणसाने गावाला उजेड द्यावा आणि तोच असा अंगावर यावा! वुकाशिनला भयंकर राग आला, आणि रागाहून जास्त भीती वाटली.

नदी गोठली होती, पाणी कमी, म्हणून संध्याकाळी एकेका मोहल्ल्याची वीज आळीपाळीने बंद ठेवायची. आजची पाळी खालच्या मोहल्ल्याची होती. बाहेर काळोख पडला. वुकाशिन खटक्यांसमोर उभा राहिला. खालच्या मोहल्ल्याच्या खटक्याकडे हात गेला आणि तिथेच थांबला.  त्याने तळवा विजारीला पुसला आणि शेजारचा खटका ओढला. गाझ्दाची गल्ली, समोरची खानावळ, चौक, सगळं अंधारात गेलं.

फोन लगेच खणखणला. "इथली वीज कशी गेली रे?" रादोये ओरडत होता. "आज आमची पाळी नाही!"

"फॉल्ट आहे, कॉम्रेड. शोधतोय."

"लवकर शोध! डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही इथे!"

"फ्यूज गेला असेल. बघतो."

फोन ठेवून तो खुर्चीत बसला. आपण केवढं धाडस केलं, आणि त्या अंधाराचा फायदा घेऊन कुणी गेलंच नाही तर? हाही विचार त्याला छळत होता. त्याने बराच वेळ खटका वर केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात काठीचा आवाज आला. गाझ्दा सोतिर उभा होता, जुना पण स्वच्छ कोट घालून. वीजघर सरकारजमा झाल्यापासून तो इथे फिरकला नव्हता.

"आत येऊ का?" त्याने विचारलं.

वुकाशिन धडपडत उठला. "हे काय विचारणं झालं, गाझ्दा?"

"विचारलेलं बरं." म्हातारा खटक्यांच्या फळ्यापाशी गेला आणि चष्मा पुसून एकेक फ्यूज बघू लागला. "काल माझी गल्ली का गेली होती?"

"फ्यूज गेला होता."

"कुठला?"

वुकाशिनने एकाकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्याने त्यावर हात फिरवला.

"हा मी माझ्या हाताने बसवलाय. हा जात नाही रे." मग तो कोपऱ्यातल्या भंगाराच्या पेटीशी वाकला, उलथापालथ करून एक जळका, काळा फ्यूज काढला आणि टेबलावर ठेवला. "तपासायला येतील. हा दाखव. गाझ्दाने स्वस्तातला माल बसवला होता म्हणून सांग."

"असं कसं सांगू? तुमचं नाव..."

"सांग म्हणतो ना."

वुकाशिनने विचारलं, "काल कुणी आलं होतं का?"

"अंधारात काय दिसतंय मला?" म्हाताऱ्याने कोटातून कागदाची पुडी काढली. साखर-अक्रोड घातलेला शिजवलेला गहू होता, वाटीभरसुद्धा नसेल. "ताटात एवढाच उरला. तू ड्यूटीवर होतास, म्हणून आणला."

तो काठी टेकत गेला. दार त्याने हळूच ओढून घेतलं.

फोन वाजू लागला. वुकाशिन उभा राहिला, छातीवर क्रूसाची खूण केली, आणि पुडीतला गहू सावकाश, शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ला. मग तोंड पुसून त्याने जळका फ्यूज जवळ ओढला आणि फोन उचलला.