रुपीबाईचं उत्तर

"फाइल आत दिसते म्हणून बाहेर पोचली असं धरू नका, वयनी," संघदीपनं निघताना बजावलं होतं. "दर वेळी बाहेर येऊन एकदा पाहत जा. अन् आतल्या संगणकानं अपडेट मांगलं तं मले विचारल्याशिवाय हो म्हणू नका."

उर्वशी तेव्हा मुलीला खांद्यावर घेऊन तिचा ढेकर काढत होती. नागपूरला शिकणारा हा धाकटा दीर. साध्या चहालाही दोन सूचना जोडायची त्याला सवय. "हो रे बाबा, पायते," असं म्हणून ती थोपटत थोपटत आत गेली. त्याचं बोलणं दारातच राहिलं.

राजूरला खाणीच्या वसाहतीत त्यांचं घर. नवरा संघर्ष पाळीवर जायचा, सासू नलूबाई घरात. उर्वशीनं वणीच्या कॉलेजात संगणकाची पदवी घेतली होती, पण बाळंतपणानंतर बाहेरची नोकरी जमेना, म्हणून यवतमाळच्या एका छोट्या संस्थेचं काम ती घरून करायची. ते साल फवारणीचं. कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली, बोंडअळी हटत नव्हती, आणि दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारायची सगळीकडे चढाओढ. पंप पाठीवर घेतलेली माणसं रानातून आंधळी होऊन येत होती, काही येतच नव्हती. संस्थेनं गावोगाव एकेक बाई नेमली. मारेगावच्या पलीकडच्या तांड्यावर पुष्पा राठोड होती. बायका पुष्पाच्या मोबाइलवर आपला प्रश्न बोलायच्या, तो उर्वशीकडे यायचा, उर्वशी डॉक्टरांना विचारून उत्तर आपल्या आवाजात बोलायची, आणि ते पुष्पाच्या मोबाइलवर परत जायचं.

बायकांचे आवाज भलत्याच्या हाती पडू नयेत म्हणून ते कुलूपबंद असत. ते कुलूप उघडणारा प्रोग्रॅम फक्त लिनक्सवर चालायचा, आणि संस्थेनं दिलेला लॅपटॉप होता विंडोजचा. म्हणून संघदीपनं त्या लॅपटॉपच्या आत दुसरा, नुसता भासाचा लिनक्स संगणक बसवून दिला. दोघांच्या मधे एक सामाईक फोल्डर ठेवला: पुष्पाचे प्रश्न बाहेरून त्यात पडायचे आणि आत दिसायचे, उर्वशीनं आतून उत्तर ठेवलं की ते बाहेर दिसायचं आणि आपोआप रवाना व्हायचं.

नलूबाईंनी हे सगळं भाजी निवडता निवडता ऐकलं होतं.

"म्हंजे याच्या पोटात दुसरा हाय?"

"हो आई."

"मंग कितवा महिना म्हणायचा?" असं म्हणून त्या स्वतःच हसल्या. "लोखंडाले बी सुटका नाई, माय."

तांड्यावर रेंज अशी की फोन लागला तर लागला. पाण्याच्या टाकीजवळच्या उंचवट्यावर उभं राहिलं तर निरोप जायचे-यायचे. त्यामुळे उर्वशीनं एक नियम घालून दिला होता. धोक्याचं असेल त्याचं उत्तर त्याच दिवशी पाठवायचं. बाकीच्यांचं सावकाश, आठवड्याच्या शेवटी एकदम. म्हणजे लगेच उत्तर आलं नाही तर बाईनं समजायचं, घाबरण्यासारखं नाही. पुष्पाला हा नियम फार आवडला. बायकांनाही आवडला. टाकीपाशी रोज हेलपाटे घालायला नकोत.

रुपीबाईचा प्रश्न आला तो दुपारी. उर्वशी पाळण्याची दोरी एका हातानं ओढत ऐकत होती. आवाज कोवळा होता, पाठीमागे कोंबड्या.

"ताई, मी रुपीबाई राठोड. माह्या घरचा, लखन, पंप मारते. मी टाक्यात औषध कालवतो, हातानंच. काडीनं बराबर होत नाई. घरी आली का लेकराले घेतो. आता लेकरू लय निजते. दूध वढत नाई. तोंडातून लाळ चालली राह्यते. पाजू का नको पाजू, तेवढं सांगजा."

उर्वशीची मुलगी पाच महिन्यांची. रुपीबाईचं लेकरू किती महिन्यांचं ते तिनं सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांना फोन लावला तर ते ओपीडीत होते. थोड्या वेळानं स्वतः करतो म्हणाले. ती वाट बघत असतानाच आतल्या संगणकानं अपडेट मागितलं. नेहमी मागायचं. त्या वेळी मुलगी रडत होती, पडद्यावरची चौकट हटत नव्हती, आणि उर्वशीनं हो म्हणून टाकलं. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला. सगळं पूर्वीसारखंच दिसत होतं.

डॉक्टरांचा फोन आला. एका वाक्यात सांगितलं त्यांनी. उर्वशीनं लगेच रेकॉर्ड केलं: "रुपीबाई, मी उर्वशी बोलते. औषधाला हात लावू नको. अंग साबणानं धू, लुगडं बदल, मग लेकराला हात लाव. त्याचंही अंग धू, कपडे बदल. आणि आजच, आत्ताच, त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन जा. निजलंय म्हणून थांबू नको." फाइल सामाईक फोल्डरमध्ये ठेवली. फोल्डर रिकामा होता, पण आधीचे प्रश्न आणि उत्तरं ती काढून ठेवतच असे. तिची एकुलती एक फाइल तिथे स्वच्छ दिसत होती. तिनं लॅपटॉप मिटला आणि धुणं वाळत घालायला गेली.

पुढचे दिवस प्रश्न आले नाहीत. रोज ती आत बघायची, रोज तिची तेवढीच फाइल. पाठवणं झालेली फाइल तिथून हलत नसे, त्यामुळे त्यात वावगं काही नव्हतं. सोयाबीन सोंगायचे, कापणीचे दिवस, बायका रानात असतील, असं तिनं धरलं. बरं वाटलं म्हणावं तर तेही नाही. बाळंतपणापासून तिला फारसं काही वाटतच नव्हतं. मुलगी निजली की तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची, घटकाभरानं पुन्हा बघायची, संघर्ष म्हणायचा, "अवं, तिले निजू तं दे." ती हात काढून घ्यायची. भीती होती, पण तीही कुणीतरी सांभाळायला दिलेल्या सामानासारखी. आपली नव्हे, नुसती राखायची.

मग एका सकाळी पुष्पाचा फोन आला. मारेगावच्या स्टँडवरून बोलत होती, मागे काळी-पिवळीवाला सवाऱ्यांसाठी ओरडत होता.

"ताई, आमच्यावर नाराज हाय काय तुमी?"

"काहून गं?"

"एवढे सवाल धाडले. आठवड्याच्या शेवटाले तरी उत्तरं येतेत ना? एकाचं बी नाई."

"सवाल? मला एकही आला नाही. आणि रुपीबाईचं उत्तर तर मी त्याच दिवशी दिलं."

"कोनतं उत्तर?" पुष्पा म्हणाली. "गाडी सुटून राह्यली ताई, थांबा, मी..." आणि आवाज तुटला. मग फोन लागेना. गाडी घाटीला लागली की नेहमीच असं व्हायचं.

उर्वशी आतल्या संगणकातून बाहेर आली. अपडेटनंतर पहिल्यांदाच. बाहेरचा फोल्डर उघडला. पुष्पाच्या कुलूपबंद फायलींनी तो भरला होता. तिचं उत्तर त्यात नव्हतं.

तिनं संघदीपला फोन लावला.

"जयभीम वयनी. काय झालं?"

"आत दिसतं ते बाहेर नाही. बाहेर आहे ते आत नाही."

त्यानं विचारलं, "अपडेट दिलं काय?"

"दिलं."

रागावेल असं तिला वाटलं, पण तो रागावला नाही. "आतल्या लिनक्सचा गाभा, म्हंजे कर्नल, बदलला. दोघाइले जोडनारा तुकडा जुन्या गाभ्यासाठी बनला होता, तो आता बसत नाई. पुन्हा बनवा लागते. मी सांगतो तसं टाइप करा."

तिनं टाइप केलं. फोल्डर जोडायची आज्ञा दिली, तर संगणक म्हणाला, असला प्रकार मला माहीत नाही. तुकडा पुन्हा बनवायला गेली, तर नव्या गाभ्याच्या जोडफायलीच नाहीत म्हणाला. त्या उतरवायला हव्या होत्या. इंटरनेटचा डोंगल लावला. पट्टी सरकायची, थांबायची. मुलगी उठली. उर्वशीनं तिला पदराखाली घेतलं आणि पडद्याकडे बघत बसली. मुलगी चांगली ओढत होती. ते तिच्या लक्षात आलं, आणि तिनं नजर पडद्यावरून हलवली नाही.

नलूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय अडलं?"

"एका बाईचं उत्तर अडलंय, आई."

"कितीक दिस?"

"आठवडा उलटून गेला." नलूबाईंनी कपाळावरचा पदर मागे सारला आणि तिथेच उंबऱ्यावर टेकल्या.

फायली उतरल्या. जोडणीच्या तुकड्याची सीडी पुन्हा लावली, तुकडा बनला, संगणक बंद करून सुरू केला. फोल्डर दिसला, पण उघडेना. तुला परवानगी नाही म्हणाला. "तुमचं नाव त्याच्या गटात टाका," संघदीप म्हणाला, "मंग बाहेर पडून पुन्हा आत या." ती पुन्हा आत आली, आणि फोल्डर उघडला. पुष्पाचे सगळे प्रश्न ओळीनं उभे. पण तिची स्वतःची फाइल आता इथेही नव्हती.

"माझं उत्तर पुसलं गेलं."

"पुसलं नाई. खाली दबलं. रिकाम्या ओट्यावर तुमी वस्तू ठेवली अन् आता त्यावर सतरंजी पडली. सतरंजी काढून पाहा."

जोडणी सोडवली. रिकाम्या फोल्डरात तिची फाइल तशीच होती, जिथे ठेवली तिथे. हा ओटा लॅपटॉपच्या पोटातच होता. ती फाइल कधी दाराबाहेर पडलीच नव्हती.

"वयनी? हाव ना तुमी?"

"हो. आहे."

तिनं फाइल काढून घेतली, फोल्डर पुन्हा जोडला, त्यात टाकली. बाहेर येऊन बघितलं, होती. मग आत जाऊन पुष्पाचे निरोप ऐकायला घेतले. बाकीच्या बायकांचे प्रश्न मधे मधे होते: कुणाचे डोळे चुरचुरतात, कुणाच्या सासऱ्याला मळमळ. पुष्पाच्या आवाजातले तिनं आधी ऐकले.

"ताई, रुपीबाई इचारते, उत्तर आलं का."

"ताई, रुपीबाई टाकीपाशी येऊन बसली होती. मी म्हणलं, नाई आलं."

"ताई, मी तिले सांगतलं, धोका असता तं ताईनं त्याच दिवशी कळवलं असतं. कायले घोर करते. तिचं तोंड कसं खुललं! लय दिसानं जेवली म्हणे पोटभर."

उर्वशीनं तो निरोप पुन्हा लावला नाही. पुढचे ऐकले.

संध्याकाळी पुष्पा टाकीजवळच्या उंचवट्यावर चढली आणि तिचा फोन आला. तिनं उत्तर ऐकलं होतं.

"ती नाई ना ताई इथं. सोयाबीन सोंगायले गेली, ढाणकीकडं. मुकादमाचा टॅक्टर आलता. आधी जाऊ का नको म्हणत होती, लेकरासाठी. मंग माह्या बोलण्यानं गेली. लखन, ती, अन् लेकरू झोळीत."

"लेकरू कसं होतं?"

"निजलं होतं."

मग पुष्पानंच विचारलं:

"ताई, मी चुकली काय?"

"नाही पुष्पा. तू मी सांगितलं तेच सांगितलंस."

लखनचा फोन बंद लागला. पुष्पानं मिळवलेल्या नंबरावर मुकादम भेटला. तो म्हणाला, माझ्याकडं चार गावची माणसं, मी काय कोणाचं लेकरू पाहत हिंडू? सोडली तिकडंच, ज्याचं वावर त्याले म्हाईत. दुसऱ्यांदा त्यानं उचललाच नाही. तिकडच्या दवाखान्यात फोन केला, तर पलीकडची नर्स चांगुलपणानं म्हणाली, राठोड तर पुष्कळ आहेत हो, ताई, कोणता सांगू? रविवारी संघर्ष मोटरसायकल घेऊन गेला. जिल्ह्याचं हे टोक ते ते टोक. दोन वावरांवर विचारून आला. तिथली टोळी वेगळी निघाली.

नलूबाईंनी ताट वाढून पुढे ठेवलं. "रड ना माय थोडंसं. मी पाहतो पोरीले."

उर्वशीनं प्रयत्न केला. काही आलं नाही. ती जेवली. घास चावले, गिळले, ताट धुऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो नियम बदलून टाकला: प्रत्येक प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर, काळजीचं असो की नसो, आणि ऐकणारीनं "ऐकलं" असं उलट कळवल्याशिवाय उत्तर पोचलं धरायचं नाही. संस्थेतल्या बाईंनी चांगलं केलंत म्हटलं. तिला ते ऐकू आलं एवढंच.

आता ती भेटेल त्याला विचारते. वणीच्या स्टँडवर ढाणकीच्या बाजूची, उमरखेडची पाटी असलेली गाडी दिसली की कंडक्टरला विचारते. वसाहतीत कुणाचा साला, कुणाची नणंद तिकडची निघाली की त्यांचा नंबर घेते. हे वाचणारं कुणी त्या बाजूचं असेल, तर तिचं मागणं तुमच्याकडेही आहे.

ढाणकीच्या आसपास सोंगणीवर आलेल्या टोळ्यांत मारेगावकडची रुपीबाई राठोड असेल. नवऱ्याचं नाव लखन. वय विशीच्या आतबाहेर, आवाज कोवळा. बांधावर कुठेतरी झाडाला झोळी टांगलेली असेल. तिला रागे भरू नका, आणि कुणाची चूक हे सांगत बसू नका, वेळ जाईल. झोळीपाशी जा. लेकरू निजलंय असं कुणी म्हणालं, तरी एकदा उठवून बघा.